निखळणाऱ्या खांद्याचं ऑपरेशन: तयारीपासून मैदानापर्यंत नेमकं कुठे चुकतं

खांदा निखळला, बसवला, पुन्हा निखळला आणि शेवटी ऑपरेशन ठरलं. इथपर्यंतचा रस्ता बहुतेकांना माहीत असतो. घोळ होतो तो त्यानंतर. कुणी आठव्या दिवशी हाताला आधार देणारी झोळी काढून खुंटीला टांगतो, तर कुणी धास्तीने दोन महिने ती अंगावरून उतरवतच नाही. कुणी तिसऱ्या आठवड्यात "बघू तरी" म्हणून हात डोक्यामागे नेतो. टाके उत्तम पडलेले असतात, पण पुढचा क्रम बिघडतो.

हा लेख पुढच्या बाजूला वारंवार निखळणाऱ्या खांद्याबद्दल आहे, कारण शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो हाच. गुडघा आणि घोट्याबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे. आठवड्यांचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं लिहून दिलं असेल तर तेच खरं धरायचं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: दुखणं थांबलं म्हणजे सांधा जुळला असं नाही. सांध्याच्या काठाला शिवलेली कूर्चा हाडाला धरायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दुखणं मात्र बऱ्याच जणांचं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ओसरतं. या दोन्हींमधला काळ सगळ्यात धोक्याचा. स्लॅब वरून वाळलेला दिसतो म्हणून सेंट्रिंग काढायची घाई करावी, तसला हा प्रकार.

टप्पा १: बिघाड कुठे आहे ते आधी कागदावर आणा

खांद्याची खोबण उथळ असते. तिच्या काठाला कूर्चेची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. हात वर आणि बाहेर गेलेला असताना, म्हणजे चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात, जोर बसला की हाडाचा गोळा पुढे आणि खाली सटकतो. जाताना तो ही कड आणि तिला जोडलेले लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, उचकटून टाकतो. या इजेला बँकार्ट म्हणतात. कधी खोबणीच्या काठाचा कपचाही उडतो. शिवाय गोळ्याची मागची बाजू त्या काठावर आपटून तिथे खळगा पडतो, तो हिल-सॅक्स. खांदा जितक्या वेळा निखळेल तितकं हाड आणखी झिजत जातं, आणि ऑपरेशन कोणतं करायचं हे मुख्यतः या हाडावरच ठरतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त एमआरआयवर थांबणं. एमआरआयमध्ये कड, लिगामेंट आणि स्नायू चांगले दिसतात. काठ किती झिजलाय हे मोजायला मात्र सीटी स्कॅन, तोही त्रिमितीय चित्रांसह, जास्त कामाचा. खांदा अनेकदा निखळला असेल, किंवा झोपेत कूस बदलताना, शर्ट घालताना अशा किरकोळ हालचालींतही सटकत असेल, तर हाड झिजल्याची शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "सीटी लागेल का?"

डॉक्टरांपुढे बसल्यावर या गोष्टी विचारायची वाट न बघता सांगून टाका:

- पहिल्यांदा कधी आणि कसा निखळला, त्यानंतर किती वेळा, आणि दर वेळी दुसऱ्या कुणाला बसवावा लागला की आपोआप बसला.
- फिट्स येतात का. येत असतील तर आधी फिट्स आटोक्यात, मग ऑपरेशन. एका झटक्यात सगळी दुरुस्ती फाटू शकते.
- खांदा मुद्दाम, स्वतःच्या इच्छेने सटकवता येतो का. लाजू नका. याचं उत्तर "हो" असेल तर उपचाराची दिशाच बदलते.
- बाकीचे सांधेही सैल आहेत का. अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, करंगळी मागे ९० अंशांपर्यंत जाते का, कोपर आणि गुडघे उलट्या बाजूला झुकतात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का. यावरून ९ पैकी गुण देण्याची पद्धत आहे, ती डॉक्टर वापरतील.

खांदा पुढे, मागे, खाली असा सगळीकडेच सैल असेल आणि मोठी इजा झालेली नसेल, तर पहिला उपचार ऑपरेशन नाही. काही महिने मन लावून केलेला व्यायाम हाच पहिला उपचार. "मन लावून" हा शब्द महत्त्वाचा आहे. महिनाभरात चार वेळा रबर ओढून "फिजिओने काही झालं नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

वय चाळिशीच्या पुढे असेल तर निखळताना खांद्याचे स्नायूबंध, म्हणजे रोटेटर कफ, फाटण्याची शक्यता बरीच वाढते. खांदा बसवल्यावरही हात वर उचलता येत नसेल तर "सूज आहे, जाईल" म्हणून थांबू नका, तपासून घ्या.

टप्पा २: ऑपरेशन कोणतं, हे समजून होकार द्या

बँकार्ट दुरुस्ती दुर्बिणीतून होते. उचकटलेली कड आणि लिगामेंट खोबणीच्या काठाला छोट्या अँकरने, म्हणजे हाडात रुतवलेल्या दोरा जोडलेल्या खिळ्यांनी, पुन्हा शिवतात. हाड शाबूत असेल तर हे चांगलं ऑपरेशन आहे.

गोळ्यावरचा खळगा मोठा असेल तर त्याच वेळी मागचा स्नायूबंध त्या खळग्यात शिवून तो भरून काढतात. याला रेम्प्लिसाज म्हणतात. खळगा काठात अडकायचा थांबतो. मोबदल्यात हात बाहेर फिरवण्याची मर्यादा थोडी कमी होऊ शकते.

लाटार्जे ऑपरेशनमध्ये खांद्याच्या पुढचं छोटं चोचीसारखं हाड, कोराकॉइड, त्याच्या स्नायूबंधासकट कापून खोबणीच्या पुढच्या काठावर बसवतात, बहुधा दोन स्क्रूंनी. काठ साधारण २० ते २५ टक्के किंवा त्याहून जास्त झिजला असेल तर नुसती शिवण टिकत नाही, अशा वेळी हा मार्ग. त्याहून कमी झीज असली तरी अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या तरुणासाठी बरेच सर्जन याच्याकडे झुकतात.

माझं स्पष्ट मत आहे की छेद लहान की मोठा, यावरून ऑपरेशन निवडू नये. वय विशीच्या आत, खेळ अंगावर येणारा आणि हाड झिजलेलं असताना "दुर्बिणीतूनच करा" असा हट्ट धरणारे पुन्हा निखळण्याचा धोका स्वतःहून ओढवून घेतात. उलट लाटार्जेत पुन्हा निखळण्याचं प्रमाण कमी असलं, तरी नसेला इजा, स्क्रूचा त्रास, हाड न जुळणं हे धोके जास्त. कोणता धोका पत्करायचा हे तुम्हाला समजून ठरवता आलं पाहिजे.

होकार देण्याआधी विचारा: माझं हाड किती टक्के झिजलंय? खळगा काठात अडकतो का? तुम्ही सुचवलेलं ऑपरेशन माझ्या वयाला आणि खेळाला का योग्य? ते फसलं तर पुढे काय? हात बाहेर फिरवणं कितपत कमी होईल?

या प्रश्नांना त्रोटक उत्तरं मिळाली तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं. पण ठरेपर्यंतच्या काळात खांदा आणखी दोन-तीनदा निखळू देणं ही वेगळी चूक, तेव्हा हात त्या पवित्र्यात जाईल असं सगळं बंद ठेवा.

टप्पा ३: ऑपरेशनच्या आधीचे आठवडे

हा टप्पा जवळपास सगळेच वाया घालवतात. तारीख मिळाली की नुसती तारखेची वाट बघत बसतात.

*शरीराची तयारी.* पाठीच्या फऱ्याचे (खांद्यामागच्या सपाट हाडाचे) आणि खांद्याचे स्नायू आधीच जागे असतील तर नंतरचा काळ सोपा जातो. फिजिओला आधीच भेटा. व्यायाम करताना हात वर-बाहेर न्यायचा नाही, एवढं पथ्य. धूम्रपान किमान ४ आठवडे आधी बंद, आणि नंतरही बंदच. लाटार्जेत हाडाला हाड जुळायचं असतं, तिथे तंबाखूचा फटका सरळ बसतो. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. जडीबुटी, ताकदीच्या पावडरी, वजन घटवायची इंजेक्शनं, जे काही घेत असाल ते भूलतज्ज्ञांना सांगा.

*काखेची त्वचा.* मुरमांशी संबंधित एक जिवाणू खांद्याच्या आणि काखेच्या त्वचेत खोलवर मुक्काम करून असतो, आणि खांद्याच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या जंतुसंसर्गात तो वारंवार सापडतो. साध्या साबणाने तो पुरता जात नाही. म्हणून काही सर्जन आधीचे काही दिवस बेंझॉइल पेरॉक्साइडचं वॉश किंवा जेल लावायला सांगतात. सांगितलं तर नेमाने लावा. कपडे आणि टॉवेलचा रंग त्याने उडतो, जुने वापरा. काखेतले केस वस्तऱ्याने घरी काढू नका, बारीक कापे पडतात आणि तिथूनच जंतू शिरतात. काखेत गळू किंवा पुळी आली असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल.

*घराची तयारी.* एक दिवस ऑपरेशनचा हात अंगाशी बांधून फक्त दुसऱ्या हाताने सगळं करून बघा: दात घासणं, शौचानंतरची स्वच्छता, बटणं, फोन, बाटलीचं झाकण. काय अडतंय ते त्याच दिवशी कळेल. समोरून उघडणारे, एक माप मोठे शर्ट काढून ठेवा. पहिले काही दिवस सपाट झोपवत नाही, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपायची जागा आधीच तयार करा.

*झोळीचा सराव.* झोळी आधीच मिळत असेल तर घरी आणून ती घालायचा, काढायचा सराव करा, आणि घरातल्या एकाला शिकवून ठेवा. ऑपरेशननंतर बधिर हाताने आणि गुंगीत कोणता पट्टा कुठे हे शोधत बसणं म्हणजे शिक्षाच.

सावधान: उपाशी राहण्याच्या वेळा काटेकोर पाळा. सहसा घन आहार ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद करतात. तुम्हाला दिलेली वेळ वेगळी असेल तर ती पाळा. दूध घातलेलं कुठलंही पेय पाण्यात मोजत नाहीत.

टप्पा ४: ऑपरेशनचा दिवस आणि पहिली रात्र

बहुतेक वेळा पूर्ण भुलेसोबत मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देऊन हाताची नस बधिर करतात. त्याने हात साधारण १२ ते २४ तास लुळा आणि बधिर राहू शकतो. त्याच बाजूची पापणी जड होणं, आवाज बसणं, श्वास जरा उथळ वाटणं हेही त्या इंजेक्शनमुळे होतं आणि त्याचा असर उतरला की जातं. खरोखर धाप लागली तर मात्र लगेच सांगायचं.

पहिल्या रात्रीची चूक ठरलेली आहे. संध्याकाळी काहीच दुखत नाही, म्हणून गोळी टाळली जाते. मध्यरात्री बधिरपणा उतरतो, एकदम असह्य कळा सुरू होतात आणि मग गोळीचा असर व्हायला वेळ लागतो. म्हणून गोळ्या दुखण्याची वाट न बघता, लिहून दिलेल्या वेळेला, बधिरपणा असतानाच सुरू करा. रात्रीच्या डोससाठी गजर लावा. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांमध्ये एकच पॅरासिटामॉल तर नाही ना, हे दुकानातून बाहेर पडण्याआधी बघून घ्या.

बधिर हाताला गरम-थंड कळत नाही आणि तो आपला आपण सावरतही नाही. तो झोळीतच ठेवा. बर्फाचा शेक कपड्यावरून, १५ ते २० मिनिटं, मधून त्वचा बघत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात पाणी सोडतात, त्यामुळे खांदा फुगलेला दिसतो आणि पहिल्या दिवशी पट्टीतून गुलाबी पाणी झिरपतं. त्याने घाबरू नका. काळेनिळे डाग दंडावर, छातीवर उतरतात, तेही चालतं.

घरी निघण्याआधी हातात हवं: ऑपरेशनचा लेखी तपशील. त्यात काय शिवलं, रेम्प्लिसाज केलं का, पुढचा स्नायू सबस्कॅप्युलॅरिस कापून पुन्हा शिवला की तंतूंमधून वाट काढली, आणि हात किती अंशांपर्यंत न्यायची परवानगी आहे, हे असावं. हा कागद नसेल तर फिजिओला अंदाजाने काम करावं लागतं. "बँकार्ट झालंय" एवढ्या माहितीवर व्यायाम सुरू करणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

टप्पा ५: पहिले ४ ते ६ आठवडे, झोळीतले

झोळी किती दिवस वापरायची हे सर्जन सांगतील, सहसा ४ ते ६ आठवडे. दिवस जितके महत्त्वाचे तितकंच ती कशी घातली आहे हेही.

कोपर पूर्ण मागे, झोळीच्या कोपऱ्यात टेकलेलं असावं. मनगट आधारावर हवं, काठावरून लोंबकळणारं नको. वजन मानेच्या मणक्यावर येत असेल तर पट्टा चुकीचा आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: कोपर शरीराच्या रेषेच्या मागे जाता कामा नये. उताणं झोपल्यावर कोपर गादीत मागे बुडतं आणि खांद्याचा पुढचा भाग, म्हणजे नेमकी शिवलेली जागा, रात्रभर ताणली जाते. दंडाखाली आणि कोपराखाली घडी घातलेला टॉवेल किंवा छोटी उशी ठेवा. आडवं पडल्यावर मान उचलून बघा, स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. झोळी रात्रीही घालायची, कारण झोपेत हात कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं.

*शर्ट.* घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. बाही दुसऱ्या हाताने वर सरकवत खांद्यापर्यंत आणायची, मग पाठीमागून शर्ट फिरवून चांगला हात घालायचा. ऑपरेशनचा हात स्वतः बाहीत "घुसवायचा" नाही.

*काख धुणं.* आठवडाभर काख बंद राहिली की त्वचा कुजल्यासारखी होते. झोळी काढा, चांगल्या हाताने टेबल धरा, कमरेतून पुढे वाका आणि हात पूर्ण ढिला सोडा. तो आपल्या वजनाने खाली लोंबकळला की काख आपोआप उघडते. ओल्या कपड्याने पुसा, कोरडी करा आणि सरळ होताना दुसऱ्या हाताने दंड धरून उठा. हात बाजूला उचलून काख उघडायची नाही.

व्यायाम पहिल्या दिवसापासून, पण खांद्याचे नाहीत. मूठ उघडणं-मिटणं, मनगट, कोपर सरळ करणं-वाकवणं, पाठीचे दोन्ही फरे हळूच मागे आवळणं. लाटार्जे झालं असेल तर कोपर वाकवताना दुसऱ्या हाताचा आधार द्या आणि किमान ६ आठवडे त्या हाताने काही उचलू नका, कारण सरकवलेल्या हाडाला बायसेप्सचा एक बंध जोडलेला असतो. झुलता व्यायाम, म्हणजे पेंड्युलम, परवानगी असेल तरच. त्यातही हात हलवायचा नसतो. कंबर हलते, हात नुसता झुलतो. हाताने गोल काढत बसलेले लोक स्नायू वापरत असतात, म्हणजे जे टाळायचं तेच करत असतात.

या काळात पूर्ण बंद:

- हात डोक्यामागे किंवा पाठीमागे नेणं, मागच्या सीटवरची वस्तू घेणं
- खुर्चीवरून किंवा पलंगावरून उठताना त्या हाताने रेटा देणं
- कुणाचं बोट धरून चालणारं मूल किंवा पट्ट्याने बांधलेला कुत्रा त्या हाताने धरणं; हिसका कधी बसेल सांगता येत नाही
- मालिश, आणि "अकडलंय, मोकळं करून देतो" म्हणणारी प्रत्येक व्यक्ती

बाहेर फिरवण्याची मर्यादा समजून घ्यायची सोपी रीत अशी. कोपर कमरेला टेकवून हाताचा पुढचा भाग सरळ समोर धरा. हा शून्य अंश. तिथून हात बाहेर नेला की शिवण ताणायला लागते. काही सर्जन शून्यावरच थांबायला सांगतात, काही ३० अंशांपर्यंत सोडतात. तुमचा आकडा त्या लेखी तपशिलातून घ्या.

जखम कोरडी ठेवा. टाके सहसा १० ते १४ दिवसांनी निघतात. पोहणं आणि पाण्यात बुडून बसणं जखम पूर्ण भरेपर्यंत नाही.

लगेच फोन करा: ३८ अंश सेल्सियसपेक्षा जास्त ताप, जखमेतून पू किंवा चार-पाच दिवसांनंतरही झिरपणारं पाणी, बोटं निळी-थंड पडणं, ४८ तासांनंतरही न गेलेला बधिरपणा (विशेषतः दंडाच्या बाहेरच्या वरच्या भागात), पोटरी किंवा पूर्ण हात सुजणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

टप्पा ६: ६ ते १२ आठवडे, हालचाल परत मिळवणं

झोळी एका दिवसात फेकायची नसते. आधी घरात बसलेलं असताना, मग घरभर, मग बाहेर. गर्दीत मात्र आणखी थोडे दिवस घाला. तिथे तिचं काम आधार देण्याचं कमी आणि लोकांना "धक्का मारू नका" सांगण्याचं जास्त.

क्रम असा: आधी दुसऱ्या हाताने किंवा काठीने हलवलेला हात, मग अर्धी मदत, मग स्वतःच्या ताकदीने. दिशांचाही क्रम आहे. समोरून वर उचलणं आधी येतं. बाहेर फिरवणं हळूहळू. आणि वर-बाहेर हा जोडपवित्रा, ज्यात खांदा निखळला होता, सगळ्यात शेवटी, बहुधा १२ आठवड्यांनंतरच.

इथे दोन टोकांचे लोक चुकतात. घाईवाले बाहेर फिरवणं जोर लावून मिळवतात, आठव्या आठवड्यात दुसऱ्या हाताइतकी हालचाल दाखवतात आणि वर्षभरात सैल खांदा घेऊन परत येतात. सहाव्या आठवड्यात बाहेर फिरवणं थोडं कमी असणं हे चांगलं लक्षण आहे, ते घालवायला धावू नका. भित्रे मात्र हात हलवतच नाहीत आणि खांदा गोठवून घेतात. रात्री वाढणारं दुखणं आणि सगळ्याच दिशांनी, दुसऱ्याने हलवतानाही, अडणारा हात दिसला तर तारखेची वाट न बघता दाखवा.

तपासा: आरशासमोर दोन्ही हात पुढून वर उचला. ऑपरेशनचा खांदा कानाकडे चढतोय? मग त्या उंचीच्या खालीच व्यायाम करा. चढलेल्या खांद्याने मिळवलेली उंची खरी नसते.

दुखण्याचा हिशेब: व्यायामात १० पैकी ३ पर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणका वाढलेला असेल तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला, एक पायरी खाली उतरा.

संगणकावरचं काम झोळीसकट आधीच सुरू झालेलं असतं. गाडी चालवणं मात्र झोळी सुटल्यावर, दोन्ही हातांनी स्टिअरिंग झटक्यात फिरवता येईल तेव्हाच, बहुतेकांना ६ ते ८ आठवडे लागतात. दुचाकीला आणखी वेळ द्या. खड्ड्यातला हादरा सरळ खांद्यात जातो.

टप्पा ७: तीन महिन्यांनंतर ताकद

लाटार्जे झालेल्यांनी आधी एक्स-रे किंवा सीटीवर हाड जुळल्याची खात्री करून घ्यायची, मगच वजन. बाकीच्यांनीही सर्जनची परवानगी घेऊनच.

सुरुवात कोपर कमरेशी ठेवून रबराच्या पट्ट्याने, हात आत-बाहेर फिरवण्यापासून. सोबत फऱ्याचे व्यायाम. मग भिंतीवर दंड (पुश-अप), मग टेबलावर, मग जमिनीवर. भार वाढवण्याआधी त्याच भारावर हात न थरथरता पूर्ण हालचाल होतेय ना, हे बघा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण खांद्याला जागेवर धरून ठेवणारे छोटे स्नायू याच कंटाळ्यातून तयार होतात, आरशात दिसणाऱ्या मोठ्या स्नायूंतून नाही.

जिममध्ये परतणाऱ्यांसाठी: बेंच प्रेसमध्ये कोपर छातीच्या पातळीखाली नेणं, डिप्स, मानेमागून खाली ओढायचा किंवा वर ढकलायचा बार, हात रुंद फाकवलेली पकड, हे सगळं यादीच्या तळाला. यातलं काही कायमचं सोडलं तरी बिघडत नाही. मानेमागचे दोन्ही प्रकार तर मी सोडूनच द्यायला सांगतो.

टप्पा ८: मैदानावर परतताना

"सहा महिने झाले" हे पुरेसं उत्तर नाही. अंगाला अंग भिडणाऱ्या आणि फेकीच्या खेळांसाठी ६ महिने ही साधारण खालची मर्यादा धरा. त्यासोबत हेही जुळायला हवं: हालचाल जवळपास दुसऱ्या बाजूइतकी, मोजून घेतलेली ताकद दुसऱ्या हाताच्या किमान ९० टक्के, आणि हात वर-बाहेर नेल्यावर "आता सटकेल" ही भीती नाही. शेवटची अट लोक लपवतात. फिजिओने हात त्या पवित्र्यात नेताच चेहरा आवळला जात असेल तर तुम्ही तयार नाही, ताकदीचा आकडा काहीही असो.

जिम आणि सामना यांच्यामधली पायरी वगळली जाते, तीही चूकच. आधी एकट्याने खेळाची कौशल्यं, मग जोडीदारासोबत ठरलेला धक्का, मग पूर्ण सराव, मग सामना. थकलेल्या अवस्थेत चाचणी घ्या, कारण दमलेल्या स्नायूंचा खांद्यावरचा ताबा कमी होतो.

गुडघा किंवा घोटा असेल तर

तत्त्व तेच, वेळापत्रक वेगळं. गुडघ्याच्या एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) ऑपरेशनआधी पाय पूर्ण सरळ होणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा असणं फार महत्त्वाचं. अकडलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर अकड उरते. नवी दोरी बसवल्यावर मधल्या काही महिन्यांत ती आधी कमकुवत होते आणि मग बळकट. त्यामुळे वळणं-उड्या असलेल्या खेळाकडे ९ महिन्यांच्या आत जाऊ नये. घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटच्या दुरुस्तीत सुरुवातीला प्लास्टर किंवा बूट, साधारण ६ आठवडे आधार, आणि नंतर एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव. हा तोलाचा सराव टाळला की घोटा पुन्हा मुरगळतो.

पुन्हा सटकल्यासारखं वाटलं तर

स्वतः बसवायचा प्रयत्न करू नका, आधी चार वेळा जमला असला तरी. आता आत अँकर किंवा स्क्रू आहेत. हात ज्या स्थितीत आरामात आहे तिथेच उशीने आधार द्या, काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते, आणि तातडीच्या विभागात जा. तिथे ऑपरेशन झालेलं आहे हे आधी सांगा आणि बसवण्याआधी आणि नंतर एक्स-रे काढायला सांगा.

पूर्ण निखळला नाही, नुसता "सरकून परत गेला" असं वाटलं, तरीही झोळी घाला, व्यायाम थांबवा आणि सर्जनला त्याच आठवड्यात दाखवा. आणि महिन्यांनंतर कारण नसताना खांदा दुखायला, अकडायला लागला, ताप नाही, सूज नाही, तरी दाखवून घ्या. टप्पा ३ मधला तो काखेतला जिवाणू इतक्या सावकाशीने काम करतो की साधी रक्ततपासणीही पुष्कळदा ठीक येते. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर परत न येता जंतुसंसर्गाची शंका तुम्हीच बोलून दाखवा.